तिखट धोंडे

धोंड्याचा महिना पुन्हा आला. तीन वर्षांनी येतो म्हणतात, मला मात्र तो परवाच गेल्यासारखा वाटतो. कॅलेंडरचं पान उलटलं नाही तोच मायचा फोन. "नंदे, अधिक लागला बघ. जावईबापूला घिऊन कवा येतावं?" मी तव्यावरची भाकरी उलटत होते, ती करपली. "माय, माझी भाकर करपली, ठेव फोन," असं म्हणून मी फोन बंद केला आणि करपलेली भाकरी ओट्यावर आपटली. बिचाऱ्या भाकरीनं काही केलं नव्हतं.

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांना सांगते. अधिक महिन्यात जावई म्हणजे विष्णू. सासरच्यांनी त्याला बोलवायचं, परातीत पाय घेऊन धुवायचे, पाटावर बसवायचं आणि कणकेच्या गोळ्यात पुरण भरून वाफवलेले धोंडे वाढायचे, वर तुपाची धार. आमच्या कंधारकडं एवढ्यावर भागत नाही. सासऱ्याकडं जेवला की चुलतसासऱ्याकडं, तिथून मामेसासऱ्याकडं, मग राहिलेली भावकी. जावई एका घराचा नसतो, अख्ख्या आळीचा असतो. ज्याच्या घरी तो जेवला नाही त्याची इज्जत गेली. खऱ्या विष्णूला साखरेचा आजार नाही म्हणून त्याचं निभतं. आमच्या विष्णूला आहे.

आमचे हे, माधवराव, लातूरला एका कॉलेजात ग्रंथपाल आहेत. आवाज न करता जगायची सवय त्यांना तिथंच लागली असावी. माणूस म्हणून सोन्यासारखा, यात माझी तक्रार नाही. तक्रार एकच आहे, त्यांना "नको" म्हणता येत नाही. "बास", "पुरे", "थोडंच हं" हे सगळं म्हणतात, पण ते असं हसत म्हणतात की वाढणाऱ्या बाईला वाटतं, अजून दोन वाढा म्हणतायत. मी शाळेत भूगोल शिकवते. दिवसभर पोरांना नको, बास, गप्प बसा म्हणून माझा घसा बसलेला असतो. आमच्या घरातले सगळे नको माझ्याच वाट्याला आलेत.

मागचा धोंडा श्रावणात आला होता. त्या आधी आषाढात यांच्या पायाला नव्या पावसाळी बुटानं चावलं. अंगठ्याशेजारच्या बोटाला एवढासा फोड. इतर कुणाचा चार दिवसांत बसला असता. यांचा फुटला, ओला झाला आणि तसाच राहिला. डॉक्टरांनी पाय टेबलावर घेऊन बघितला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "साखर खाली आली तर जखम भरेल. नाही आली तर बोट काढावं लागेल." यांच्याकडं बघून म्हणाले नाहीत. त्यांनाही एका नजरेत कळलं असावं, घरात कुणाशी बोलायचं ते.

तिथून तो पावसाळा माझ्या स्वयंपाकघरात गेला. बाहेर रिपरिप, खिडकीच्या गजावर वाळत घातलेली पट्टी, आणि आत मी. दवाखान्यातून एक छापील कागद मिळाला होता. त्यावर ओट्स, ब्रोकोली, कसलंसं बी. ज्यानं तो लिहिला त्यानं आयुष्यात भाकरी थापली नसावी. गंजगोलाईच्या बाजारात मी ब्रोकोली मागितली तर भाजीवाली म्हणाली, "ताई, कोबी हाय की ताजा, तेवढ्यासाठी कशाला बेजार हुताव?" तिचंच खरं होतं. कागद मी पिठाच्या डब्याखाली घातला आणि आमच्याच जिनसांनी काय होतंय ते बघायला लागले.

पण सल्ले देणाऱ्यांचा काय उच्छाद. "गूळ चालतो की, साखर चालत न्हाई." हे मला किती जणांनी सांगितलं असेल. शिकलेल्यांनीसुद्धा सांगितलं. वर "सेंद्रिय गूळ घ्या" अशी पुस्ती. म्हणजे काय, सेंद्रिय गूळ रक्तात गेल्यावर लाजून बाजूला उभा राहतो का? मोबाइलवर एक बाई खजूर घालून बिनसाखरेचं पुरण करून दाखवायची, वर हसून म्हणायची, आता बिनधास्त खा. खजूर काय कडू असतो? मी मोबाइलशी भांडायचे. हे आतून विचारायचे, "कुणाशी बोलतेस?" मी म्हणायचे, "तुमच्या वैऱ्याशी."

मग मी ठरवलं, गोडाच्या नादालाच लागायचं नाही. खोटं गोड करून खऱ्या गोडाची आठवण काढत बसायचं, त्यापेक्षा धोंडा तिखटच करायचा. आकार धोंड्याचा, वाफ धोंड्याची, आत मात्र दुसरंच. वरचं आवरण कणकेऐवजी ज्वारीचं. इथंच पहिली फजिती झाली. ज्वारीला चिकटपणा नाही. गार पाण्यात मळून केलेले धोंडे वाफेत फुटले आणि चाळणीत नुसता भुगा राहिला. दुसऱ्या दिवशी उकड काढली, मिठाच्या उकळत्या पाण्यात पीठ वैरून झाकण घातलं, आणि गरम असतानाच ओल्या हातानं मळलं. हात भाजले, पण गोळा लुसलुशीत झाला. आत भिजवून भरड वाटलेली हरभऱ्याची डाळ, लसूण, हिरवी मिरची, ओवा. त्या वेळी धोंडा टिकला, पण आतली डाळ कच्चट राहिली, लसूण नाकात चढला. यांनी खाल्ला. "छान झालंय," म्हणाले. मी म्हटलं, "खोटं बोलू नका, तुम्हाला घास गिळवत नाहीये." तर हसले. त्यांच्या त्या हसण्याचाच मला खरा राग येतो.

मग डाळ आधी वाफवून परतून घेतली. तरी काहीतरी कमी होतं, आणि काय ते मला सापडेना. एका रविवारी अंबाडीची जुडी आणली होती. भाजी करायला उकडून पिळलेली पानं समोर होती, मी मूठभर डाळीत मिसळली. त्यात भाजलेल्या कारळाची पूड. वाफवले, मोडले, वर तुपाऐवजी चमचाभर करडईचं तेल आणि जवसाची चटणी. अंबाडीचा आंबटपणा डाळीत उतरला होता, ज्वारीचा वास वाफेबरोबर घरभर झाला होता. यांनी पहिला घास घेतला, लगेच दुसरा घेतला. मग म्हणाले, "हे बरंय. गुळाची आठवण येत नाही."

एवढं एकच वाक्य. त्या पावसाळ्यात मला मिळालेलं ते एकमेव सुख. मी ओट्यापाशी उभी राहून तीन धोंडे खाल्ले.

मायला फोनवर सगळं सांगितलं. पीठ कसं वैरायचं, अंबाडी किती. ती ऐकत होती, मधेमधे "हाव, हाव" म्हणत होती. शेवटी म्हणाली, "बाई, पर जावयाला तिखट धोंडा वाढाव का? इस्नूला कोणी मिरच्या चढवतंय का? लोकं हासतेत की." मी म्हटलं, "माय, नाही वाढला तर त्यांचं बोट जाईल." मग म्हणाली, "बरं. ज्वारीचेच करते. तू नगं काळजी करू."

ज्वारीचेच केले तिनं. शब्दाची पक्की आहे माझी माय.

आम्ही अहमदपूर, लोहा करत एसटीनं गेलो. यांच्या पायाला पट्टी, पट्टीवर मी बांधलेली प्लास्टिकची पिशवी. दारात माझा भाऊ बालाजी पाण्याची बादली घेऊन उभा. दादा, माझे वडील, गेल्यापासून पाय धुवायचं मायच करते. मी ओरडले, "माय, तो पाय ओला करायचा नाही." तिनं एक पाय धुतला, पुसला, कुंकू लावलं. दुसऱ्यावर नुसतं फूल ठेवलं. मग पाटावर पान वाढलं. मी स्वयंपाकघरातून बघत होते. ताटात धोंडे ज्वारीच्या रंगाचे, मळकट पांढरे. वर तुपाची धार होती, म्हटलं चालेल, तूप तर तूप. हे खाली मान घालून जेवत होते. माय वाढत होती आणि हे "थोडंच हं" म्हणत होते.

आमच्यात अजून बायको नवऱ्याच्या ताटात जेवायला बसते. लातूरला मी असलं काही करत नाही. पण माहेरी मायला बरं वाटावं म्हणून बसले. ताटात अर्धा धोंडा राहिला होता. तो मी तोंडात घातला.

गूळ होता. वेलदोडा, जायफळ, आणि पुरण, चांगलं तुपात आटवलेलं.

मी ताटावरून उठले. मायला म्हटलं, "हे काय केलंस?" ती चुलीपाशी बसलेली, वर बघेना. म्हणाली, "वरून ज्वारीच हाय की. आन् एका दिवसानं काय होतंय? अधिक काय रोज येतोय?" पारूकाकू, माझी चुलती, दारात उभी होती, तिनं मान डोलावली. "आगं, नवऱ्याला उपाशी ठिवतीस का काय? वाळलाय बघ कसा." मी बाहेर गेले. हे ओसरीवर पान जुळवत बसले होते. विचारलं, "किती खाल्ले?" म्हणाले, "पाच." "पहिल्याच घासाला कळलं असेल ना?" "कळलं." "मग?" त्यांनी पानाला चुना लावला. म्हणाले, "आईंनी इतकं मनापासून केलं होतं."

मनापासून. मला हा शब्द तेव्हापासून सहन होत नाही.

मग ती रांगच लागली. पारूकाकूकडं, मामाकडं, भावकीत. मी आजारी पडल्याचं सोंग केलं, शाळेचं कारण काढलं, दोन ठिकाणं चुकवली, बाकीची नाही चुकवता आली. प्रत्येक दारात तेच, एका दिवसानं काय होतंय. प्रत्येकाचा एक दिवस. गौरी-गणपतीच्या आधी नांदेडच्या दवाखान्यात यांचं बोट काढलं. माय आली होती. पाय पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला, ती पायथ्याशी उभी. तिच्या हातात डबा होता. मी डबा न उघडताच शेजारच्या पेशंटच्या बायकोला देऊन टाकला.

पाच धोंड्यांनी बोट जात नाही, हे मला कळतं. डॉक्टरही म्हणाले, कित्येक वर्षांचं साठलेलं असतं. कदाचित मी महिनाभर यांना कोंडून ठेवलं असतं तरी बोट गेलंच असतं. पण राग असा हिशोबानं कमी होत नाही. त्यानंतर तीन वर्षं मी कंधारला राहायला गेले नाही. गेले तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत, तेही एकटी. यांना एकदाही नेलं नाही. माय फोनवर विचारायची, "जावईबापूचा पाय कसाय?" मी म्हणायचे, "आहे." पुढं तीही विचारायची नाही.

या काळात एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात फिरत राहिली. माझ्या मायला आयुष्यात कुणी काही विचारलं नाही. शेत विकलं तेव्हा नाही, बोअर पाडला तेव्हा नाही, माझं लग्न ठरलं तेव्हाही ती आत पोहे परतत होती. ताटात किती पडावं, एवढंच एक तिच्या हातात होतं. पळीवर तिचं राज्य. आणि मी फोनवरून ते काढून घ्यायला निघाले होते, छापील कागदासारखी. हे सगळं मला समजतं. मी काही बथ्थड नाही. पण समजून राग जातो असं ज्यांनी सांगितलं, त्यांच्या घरातल्या कुणाचं बोट गेलेलं नसणार.

तर आता पुन्हा अधिक. या वेळी ज्येष्ठात, उन्हाच्या कहरात. मायचा दुसऱ्यांदा फोन आला तो यांनी उचलला. मी कपडे वाळत घालत होते. आत आले तर हे म्हणतायत, "येतो, येतो आई." माझ्या हातातली बादली खाली पडायची राहिली. मी म्हटलं, "कोणाला विचारून?" म्हणाले, "त्यांचं वय झालं नंदा. पुढच्या अधिकाला असतील का नसतील." मी म्हटलं, "आणि तुमचा दुसरा पाय? तो असेल का नसेल?" ते पुस्तकात तोंड घालून बसले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ज्वारीचं पीठ दळून आणलं आणि पिशवीत भरलं. मायला फोनवर म्हटलं, स्वयंपाक मी करणार. चूल माझ्या ताब्यात देणार असशील तर येते.

माय नाही म्हणाली नाही. आम्ही पोहोचलो तर चूल सारवून, लाकडं रचून, ती बाजूला पाटावर बसली होती. म्हातारी झालेली दिसली. ज्येष्ठात अंबाडी कुठली, मी परसातल्या झाडाची कैरी उतरवली, किसून पिळून डाळीत घातली. चव बघितली. अंबाडीइतका खोल नाही, पण चटकन लागणारा आंबटपणा. थोडी मिरची वाढवली. माय बघत होती. मधेच एकदा म्हणाली, "पीठ ऊन हाय तवरच मळ." मी म्हटलं, "मला माहीत आहे." माझंच मला वाईट वाटलं, पण शब्द मागं घेतले नाहीत.

मग तिनं परात घेतली. हे ओसरीवर बसले आणि मोजे काढले. बोट गेलेला पाय तिनं उघडा कधी पाहिलाच नव्हता. पहिला पाय धुतला. दुसऱ्यावर पाणी घातलं, हात फिरवला, आणि अंगठ्याशेजारच्या रिकाम्या जागेवर तिचं बोट थांबलं. मी पिठाच्या हातानं दारात उभी होते. तीन वर्षं मी याचीच वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. तिनं बघावं, तिला कळावं, तिचा चेहरा पडावा. तिचा चेहरा पडला. "एवढं काढलं व्हय," एवढंच म्हणाली. आणि मला जे बरं वाटायला हवं होतं ते काही वाटलं नाही.

तिनं ती जागा पुन्हा पुन्हा धुतली, पदरानं पुसली, आणि कुंकू लावायला विसरली. यांनीच हळूच करंडा पुढं सरकवला.

पान वाढलं. धोंडे माझे, वर करडईचं तेल, बाजूला जवसाची चटणी. पहिला घास घेतला तोच पारूकाकू पदराखाली वाटी घेऊन आत आली. घरच्या आंब्याचा रस, घट्ट, केशरी, वास आधीच खोलीभर. "जावईबापू, एक वाटी घ्या. ज्येष्ठातला अधिक, रसाबिगर कसा? एका वाटीनं काय होतंय?" हे नेहमीसारखे हसले. मी तोंड उघडलं. पण त्याआधी माय उठली. काकूच्या हातातली वाटी घेतली, तोंडाला लावली, आणि सगळा रस तिथंच उभ्याउभ्या पिऊन टाकला. वाटी उलटी करून काकूच्या हातात ठेवली. "लई गोड हाय तुझा आंबा," म्हणाली. काकू तशीच परत गेली. मला हसू आलं ते मी चुलीकडं तोंड करून दाबलं, कारण मला अजून हसायचं नव्हतं.

यांचे दोन धोंडे खाऊन झाले. दोन हे माप मीच ठरवलेलं. ज्वारी झाली तरी पीठच आहे, हे मी यांना शंभरदा ऐकवलंय. पण हे मान डोलावत जेवत होते. बोटांनी चटणी पुसून घेत होते. कैरी नेमकी उतरली होती, माय शेजारी बसून बघत होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी केलेलं काहीतरी माहेरच्या पाटावर कुणी मिटक्या मारत खात होतं. माझा हात चाळणीकडं गेला. तिसरा धोंडा उचलला आणि ताटावर नेला.

"घ्या हो," मी म्हटलं. "एकानं काय होतंय?"

यांनी ताटावर हात आडवा धरला. हसले नाहीत.

"नको," म्हणाले.

एवढी वर्षं ज्या शब्दासाठी मी डोकं फोडून घेतलं, तो अखेर त्यांच्या तोंडून आला, आणि आला तो माझ्यावर. आणि मला राग आला. खराखुरा, कानशिलं तापवणारा राग. सकाळपासून खपले, हात भाजले, आणि हा माणूस सगळ्या जगाचं मन राखतो, माझंच तेवढं मोडतो. धोंडा माझ्या हातात, वाफ निघत असलेला. माझं तोंड काय बोलून गेलंय ते मग मलाच ऐकू आलं.

मायकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. तिनंच हात पुढं केला. "दे हिकडं," म्हणाली. माझ्या हातातला धोंडा घेऊन तिनं मधोमध मोडला, अर्धा स्वतःच्या तोंडात घातला आणि अर्धा माझ्यापुढं धरला. आम्ही दोघी उभ्यानंच खाल्ला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं.

"लई तिखट केलीस," ती म्हणाली.

"हाव," मी म्हटलं.